अडतीस मिलिमीटर

बाबा ३१ मे २०१५ रोजी निवृत्त झाले. ज्यांच्या घरात सरकारी नोकरी झाली आहे त्यांनी तारखेवरून लगेच ओळखलं असेल की बाबांचा जन्म १ जूनचा, म्हणजे पहिलीत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेला. खरी तारीख आजीलाही ठाऊक नव्हती. 'पेरण्या व्हायच्या होत्या' एवढंच ती सांगायची. तर या गुरुजींच्या कृपेनं पाटबंधारे खात्यातली त्यांची नोकरी मेअखेर संपणार होती, आणि त्यांना निवृत्तीची भेट म्हणून एक डीएसएलआर कॅमेरा द्यायचा, असं मी फेब्रुवारीतच ठरवून टाकलं होतं.

ठरवायला फार विचार लागला नाही. आमच्या साताऱ्याच्या घरात बाबांच्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात एक याशिका एमएफ-२ होता. काळा, प्लॅस्टिकचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, अंगचाच फ्लॅश असलेला. तेव्हा ज्यांच्या घरी कॅमेरा होता अशा निम्म्या घरांत हाच असायचा. त्याला चामड्यासारखं दिसणारं पाकीट होतं आणि त्यात कापराची वडी असायची. कपाटाची किल्ली बाबांच्या जानव्याला. रोल तेच आणायचे, मोती चौकाजवळच्या स्टुडिओत धुवायला तेच टाकायचे, आणि प्रिंट आल्या की अल्बममध्ये लावून मागे निळ्या शाईनं तारीख-ठिकाणही तेच लिहायचे. घरात त्याला 'बाबांचा कॅमेरा' असंच नाव होतं. आता माणूस रिकामा होणार, हाताशी वेळ असणार, कास पठार पंचवीस किलोमीटरवर, सज्जनगड त्याहून जवळ. कॅमेरा नाही तर दुसरं काय देणार?

बजेट तीस हजार. त्या वेळी मी हिंजवडीत नोकरीला होतो. पगार बरा होता, पण वाकडच्या फ्लॅटचं भाडं आणि शिक्षणकर्जाचा शेवटचा हप्ता जाऊन एवढेच उरत होते.

आमच्या धंद्यातल्या माणसाला काहीही विकत घ्यायचं म्हटलं की पहिल्यांदा एक्सेल उघडावं लागतं. मीही उघडलं. आडव्या ओळींत कॅमेरे : निकॉन डी३२००, डी३३००, कॅनन १२००डी, ७००डी, १००डी. उभ्या रकान्यांत मेगापिक्सेल, आयएसओ, एका सेकंदात किती फोटो, बॅटरी किती चालते, वजन, किंमत. प्रत्येक रकान्याला भारांक दिला आणि शेवटी बेरीज. पंधरवड्यात त्या फाईलच्या सात आवृत्त्या झाल्या. दर आवृत्तीत वेगळाच कॅमेरा पहिला यायचा, कारण दर वेळी मी भारांक बदलायचो. आदल्या रात्री जो आवडला असेल तो वर यावा म्हणून बदलायचो, हे कळायला मला चौथी आवृत्ती उजाडावी लागली.

जेवायच्या टेबलावर निकॉनवाले आणि कॅननवाले असे दोन पक्ष होतेच. निकॉनवाल्यांचं म्हणणं, आमचे चोवीस मेगापिक्सेल, तुमचे अठरा. कॅननवाले म्हणायचे, तुमच्या स्वस्त बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या लेन्सेसवर ऑटोफोकस चालत नाही. दोन्ही म्हणणी खरी होती, आणि माझ्या कामाची एकही नव्हती. मेगापिक्सेलचं गणित मी स्वतःच करून पाहिलं. आपण अल्बममध्ये लावतो ती प्रिंट चार बाय सहा इंचांची. इंचाला तीनशे ठिपके धरले तर १२०० गुणिले १८००, म्हणजे साधारण दोन मेगापिक्सेल. बारा बाय अठराची, भिंतीवर लावायची मोठी प्रिंट काढायची म्हटली तरी एकोणीस-वीसमध्ये काम होतं. तेव्हा अठरा की चोवीस हा वाद आमच्या साताऱ्याच्या भिंतींपुरता तरी निकालात निघाला.

माझ्या शेजारी बसणारा मित्र या सगळ्यात शांत असायचा. त्याच्याकडे खरोखरच कॅमेरा होता आणि तो खरोखरच फोटो काढायचा. एक दिवस तो माझ्या स्क्रीनकडे बघत म्हणाला, "यात मुख्य रकानाच नाहीये. काका फोटो कशाचे काढतात?"

मी म्हटलं, "म्हणजे? सगळ्याचेच."

"सगळ्याचे कुणीच काढत नाही. पक्ष्यांचे काढत असतील तर लांबची लेन्स लागेल, मग बॉडी स्वस्तातली घे. घरातले, माणसांचे काढत असतील तर कमी उजेडात चालणारी लेन्स लागेल. फुलं काढत असतील तर तिसरंच. आधी ते बघ. बॉडी दोन-तीन वर्षांत जुनी होते, लेन्स राहते."

आता हे कसं बघायचं? बाबांना विचारलं तर भेट फुटणार. पण उत्तर तर घरातच पडून होतं. अकरा अल्बम.

शिमग्याच्या सुट्टीला घरी गेलो तेव्हा, स्कॅन करून ठेवतो म्हणून ते सगळे अल्बम पुण्याला घेऊन आलो. बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून दिले. १९८८ ते २००५. एकूण ४३८ फोटो. दोन रविवार लागले. स्कॅन करता करता मी एक्सेलमध्ये नवी शीट उघडली आणि दर फोटोमागे नोंद करत गेलो : घरात की बाहेर, ऊन की सावली की फ्लॅश, माणूस किती लांब, माणूस आहे की निसर्ग. मागच्या निळ्या अक्षरांमुळे वर्षही मिळत होतं. 'ठोसेघर, ऑग. ९३.' 'चि.चा वाढदिवस, ५ वा.' 'कण्हेर धरण, भिंतीवर, सर्वजण.' आणि चाळा म्हणून शेवटी एक रकाना जोडला : फोटोत कोण कोण.

पहिले निष्कर्ष अपेक्षित होते. माणसं नसलेले फोटो अवघे नऊ. म्हणजे लांबच्या लेन्सची गरज नाही. जवळजवळ निम्मे घरातले किंवा अंगणातल्या सावलीतले. म्हणजे कमी उजेडात चालणारी लेन्स हवी. हे लिहून मी मित्राला पाठवणार होतो, तेवढ्यात शेवटच्या रकान्याची बेरीज सहज खाली ओढली.

ताई : २९७. मी : २८४. बाबा : २६१. आई : ३१.

मला आधी वाटलं सूत्र चुकलं. पुन्हा मोजलं. एकतीसच.

त्या एकतिसांतले एकोणीस तर लग्नामुंजीतले, दुसऱ्याच कुणीतरी काढून नंतर प्रिंट पाठवलेले. उरले बारा. मी ते बारा फोटो टेबलावर ओळीनं मांडले. त्यातल्या पाचांत आईच्या डोक्याचा वरचा भाग कापला गेला होता. दोन हललेले. एकात कोपऱ्यात बोट आलेलं.

आणि उरलेले चारशे फोटो सरळ होते. हललेले नव्हते. डोक्यांच्या वर बेताची जागा सोडलेली होती.

ज्यांनी असे कॅमेरे वापरलेत त्यांना ही डोक्यावरच्या जागेची भानगड माहीत असेल. याशिकासारख्या कॅमेऱ्यात आपण बघतो ती काच वेगळी आणि फिल्मवर उजेड टाकणारी लेन्स वेगळी. काच वर आणि बाजूला, लेन्स खाली. माणूस लांब असेल तर या दोन इंचांनी काही बिघडत नाही, पण जवळ असेल तर काचेतून पूर्ण दिसणारं डोकं फिल्मवर कापलं जातं. हे कुणी शिकवत नाही. रोल धुऊन आल्यावर कापलेली डोकी बघून ज्याचं त्यानं शिकायचं असतं. या चारशे फोटोंचा मालक ते शिकला होता. त्या बारा फोटोंचा मालक शिकला नव्हता.

मग मी १९९१चा एक फोटो काढला. चार भिंतीवरचा. बाबा, ताई आणि मी, मागे शहर. मावळतीचं ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून येत होतं, त्यामुळे आमच्या पायांपाशी त्याची सावली पडली होती. हा फोटो मी पन्नास वेळा पाहिला असेन. सावलीची दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरलेली, आणि एका बाजूनं वाऱ्यावर उडालेला पदर.

गंमत म्हणजे या फोटोंत मी तिथे होतो. पाच वर्षांचा, आठ वर्षांचा, बारा वर्षांचा. प्रत्येक फोटोत मी सरळ तिच्याकडे बघतोय. आणि तरी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मला हे एक्सेलमधून कळत होतं.

ताईला फोन लावला. ती नाशिकला असते. म्हटलं, "ताई, आपले लहानपणचे फोटो कुणी काढलेत?"

"आईनं. का?"

"तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय? तुला माहीत नव्हतं?" मग ती जरा थांबून म्हणाली, "तू 'बाबांचा कॅमेरा' म्हणायचास ते मला वाटायचं कपाट बाबांचं म्हणून."

बाबांना विचारणं अवघड होतं, पण त्यांना न विचारता पुढे जाता येईना. पुढच्या शनिवारी घरी गेलो, आणि संध्याकाळी ते राजवाड्याकडे फिरायला निघाले तेव्हा बरोबर गेलो. भेटीचं सांगूनच टाकलं. कॅमेरा आणतोय म्हटलं, आणि मग फोटोंचा हिशेब सांगितला. मला वाटलं होतं त्यांना जरा लागेल. ते हसायलाच लागले.

"माझा हात हलतो रे. पहिला अख्खा रोल मी घालवला, तुझ्या बारशाचा. छत्तीसातले चार आले. त्या काळी रोल आणि धुलाई मिळून काय पैसे जायचे! त्यानंतर हिच्याच हातात दिला. रोल घालायचं, काढायचं, तेवढं माझ्याकडे. तिला भीती वाटायची, उजेड लागेल म्हणून."

"मग कधी सांगितलं नाहीत?"

"यात सांगायचं काय? तू विचारलं नाहीस." थोडं पुढे जाऊन म्हणाले, "मला नको कॅमेरा. तिला दे. पण माझ्या निवृत्तीच्या दिवशी दे, म्हणजे मलाही काहीतरी मिळाल्यासारखं होईल."

आईशी बोलणं मात्र सरळ झालं नाही. तिच्याशी सरळ बोलणं होतच नाही, कारण ती कायम मशीनवर असते. आई घरी शिवणकाम करते. निम्म्या गल्लीचे ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश तिनं शिवले. टेप न लावता समोरच्याच्या खांद्याचं माप सांगू शकते. मी तिच्यापुढे चार भिंतीचा फोटो धरला आणि ही सावली तुझी ना म्हणून विचारलं. तिनं चष्मा वर करून पाहिलं.

"माझीच. ऊन पाठीमागे घ्यायचं असं त्या रोलच्या डबीवर चित्र असायचं. पण मग सावली येते. नंतर मी जरा तिरकी उभी राहायला लागले."

"मग बंद का केलंस?"

"रोल मिळेनासे झाले. आणि तू तो छोटा आणलास ना, चांदीच्या रंगाचा. त्याची बटणं मला कळायची नाहीत. तूच म्हणालास, राहू दे, दे इकडे, तुला नाही जमायचं. म्हटलं बरं झालं." आणि मशीन पुन्हा सुरू.

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. आज भाजीला काय होतं हे सांगावं तशा आवाजात सांगितलं. पण मला ते वाक्य आठवलं. २००५च्या दिवाळीत आठवलं नसतं, तेव्हा आठवलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. चार मेगापिक्सेलचा, खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा मामानं दिला होता. लक्ष्मीपूजनाला आईनं तो हातात घेऊन, सवयीनं डोळ्याला लावून बघितला होता, मागचा पडदा असताना. मी आणि माझे दोन मित्र हसलो होतो. मग मी तो तिच्या हातातून घेतला. त्यानंतरचे घरातले सगळे फोटो माझे. शेकड्यांनी काढले. प्रिंट एकाचीही नाही. २००९मध्ये माझी हार्ड डिस्क गेली, आणि बॅकअप नव्हता. आमच्या धंद्यातल्या माणसानं हे लिहू नये, पण नव्हता. त्यामुळे २००५ ते २००९ या चार वर्षांचा आमच्या घरात एकही फोटो नाही. आजी त्याच काळात गेली. तिचा शेवटचा फोटो आईनं काढलेला आहे, २००४चा, अंगणात तांदूळ निवडताना. मागे निळ्या शाईत 'आई, सकाळी' एवढंच.

पुण्याला परत आल्यावर मी एक्सेलची आठवी आवृत्ती केली. मागच्या सात पुसून टाकल्या.

आता रकाने आपोआप बदलले. पहिला रकाना वजनाचा. आईचा उजवा खांदा दोन वर्षं धरला होता आणि नुकता कुठे सुटायला लागला होता. साध्या डीएसएलआरची बॉडी आणि बरोबर मिळणारी १८-५५ची किट लेन्स मिळून पाऊण किलोच्या आसपास जातं. ते गळ्यात अडकवून ती कासला चालणार नाही. दुसरा रकाना चष्म्याचा. डीएसएलआरच्या बघायच्या काचेशेजारी एक छोटं चाक असतं. ते फिरवून आपल्या नंबराप्रमाणे काच जुळवता येते. तिशीच्या आतल्या कुणालाही ते चाक कशासाठी आहे हे माहीत नसतं, मलाही नव्हतं. तिसरा रकाना : डोळ्याला लावायची खरी काच हवीच. नाहीतर त्याच पैशांत बिनआरशाचे, पडद्यावर बघून काढायचे हलके कॅमेरे मिळत होते. पण दिवाळीतलं ते हसणं मला पुन्हा नको होतं. सेकंदाला किती फोटो हा रकाना मी काढूनच टाकला.

राहिली लेन्स. मित्र म्हणाला, "जुन्या कॅमेऱ्यावर काय लिहिलंय बघ." बाबांना फोन केला. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग ते सावकाश वाचत म्हणाले, "अडतीस एमएम."

इथून पुढचं गणित आवडीचं होतं. फिल्मची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. आपल्या परवडणाऱ्या डीएसएलआरमध्ये फिल्मच्या जागी जो सेन्सर असतो तो याहून लहान. कॅननच्या स्वस्त बॉड्यांत साधारण २२ बाय १५ मिलिमीटर. सेन्सर लहान म्हणजे त्याच लेन्समधून दिसणाऱ्या चित्राचा मधलाच तुकडा हाती लागतो. त्यामुळे लेन्सवर लिहिलेल्या आकड्याला १.६नं गुणलं की जुन्या फिल्मच्या भाषेतला आकडा मिळतो. कॉलेजातली मुलं घेतात ती स्वस्त पन्नासची लेन्स म्हणजे तिथे ऐंशी होते. चेहऱ्यांना उत्तम, पण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यातून चार माणसं बसवायची तर फोटो काढणाऱ्याला गॅलरीत जावं लागेल. मग उलटं केलं. अडतीसला १.६नं भागलं. पावणेचोवीस.

आणि कॅननची एक चोवीसची लेन्स आदल्याच वर्षी, २०१४मध्ये, आली होती. बिस्किटाएवढी चपटी, १२५ ग्रॅम वजनाची, एफ/२.८. म्हणजे किट लेन्स त्या जागेवर जेवढा उजेड आत घेते त्याच्या साधारण दुप्पट. चोवीस गुणिले १.६ म्हणजे ३८.४. आई सतरा वर्षं ज्या चौकटीतून आमच्याकडे बघत होती, जवळजवळ तीच चौकट. झूम नाही. पण झूम याशिकालाही नव्हता. माणूस मोठा हवा तर ती दोन पावलं पुढे यायची.

बॉडी ठरली कॅनन १००डी. बॅटरी आणि कार्डासकट ४०७ ग्रॅम. २०१३मध्ये आला तेव्हा एवढ्या मोठ्या सेन्सरच्या डीएसएलआरमध्ये सगळ्यांत लहान आणि हलका म्हणून कॅननने तो मिरवला होता. लेन्ससकट ५३२ ग्रॅम. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर अर्धा किलोचं पोह्यांचं पाकीट ठेवून, मग ते गळ्यात अडकवून घरभर फिरून बघितलं.

फक्त नवीन घेतला तर बजेट फुटत होतं. तिथे पुन्हा मित्र धावला. त्याच्याकडे १००डीच होता, आणि त्याला आता बिनआरशाचा सोनी घ्यायचा होता. वर्षभर वापरलेली बॉडी त्यानं अठरा हजारांना दिली. लेन्स नवी घेतली, दहा हजारांच्या थोडी वर. वर एक कार्ड, एक रुंद मऊ पट्टा. एकोणतीस हजार सहाशेत काम झालं. कुणाला भेट द्यायला परवडणारा डीएसएलआर हवा असेल तर माझा सल्ला एवढाच : जुनी बॉडी, नवी लेन्स, आणि त्याआधी त्या माणसाचे जुने अल्बम.

३१ मेला रविवार होता, त्यामुळे ऑफिसचा निरोप समारंभ शनिवारीच उरकला होता. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन बाबा घरी आले होते. रविवारी संध्याकाळी ताई-भाऊजी, मुलं, सगळे होते. मी खोकं आणून आईच्या पुढ्यात ठेवलं. तिनं ते बाबांकडे सरकवलं. बाबांनी परत तिच्याकडे सरकवलं.

"मला कशाला? निवृत्त हे झालेत."

"तू घे तर हातात," बाबा म्हणाले.

तिनं आधी दोन्ही हातांनी वजन पाहिलं. मग कोपरं अंगाशी घेतली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. मी ते चाक फिरवून दिलं, तिनं "थांब, आता, हां," म्हणून सांगितलं. मग बराच वेळ काहीच बोलली नाही. समोर ताईची धाकटी बसली होती, तिच्याकडे बघत होती.

"यात डोक्यावर जागा किती सोडायची?"

मी सांगितलं की सोडायला नको. यात आत आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेडच आरशावरून वर जाऊन तुझ्या डोळ्यात येतो. बटण दाबलं की आरसा वर उडतो आणि तोच उजेड मागे सेन्सरवर पडतो. लेन्सला दिसतं तेच तुला दिसतं.

"तेच?"

"तेच. म्हणजे पंच्याण्णव टक्के. कडेला जरा जास्त येतं."

"येऊ दे जास्त," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

कॅमेरा बाबांच्या कपाटात वरच्या कप्प्यात राहतो. हे कुणी ठरवलं नाही, पहिल्याच रात्री तो तिथे गेला. बॅटरी चार्ज करणं बाबांकडे. ते तारखेसकट वहीत लिहितात. कासला ते पिशवी धरतात. जुलैत मी गेलो तेव्हा बाबा म्हणाले, कार्ड भरलंय, खाली करून दे. बत्तीस जीबीचं कार्ड. त्यावर हजारोंनी फोटो बसतात. लॅपटॉपला लावलं तर फोटो सदतीस.

मी आईला सांगितलं, अगं, कार्ड भरलेलं नाही, आयुष्यभर काढलेस तरी...

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "यांनी सांगितलं. पण छत्तीस झाले की मी थांबते. मग बघते. तो एक जास्तीचा शेवटी निघायचाच."

त्या सदतिसांतला एकही फोटो पुसण्यासारखा नव्हता. बाबा जिन्यात बसून बूट घालताना. गल्लीतली गणवेशाचं माप द्यायला आलेली मुलगी, हात लांब करून उभी. ताईची धाकटी, मशीनच्या चाकाच्या मागून बघताना. बाबांनी सदतीसच्या सदतीस स्टुडिओत नेऊन चार बाय सहाच्या प्रिंट काढून आणल्या. मोती चौकाजवळचा तो स्टुडिओ आता जास्त करून मोबाईलची कव्हरं विकतो, पण प्रिंट काढून देतो. आता बारावा अल्बम आहे. मागे निळी शाई आहे, अक्षर थोडं थरथरतं.

निघायच्या दिवशी सकाळी मी म्हटलं, आई, तुझा एक काढतो. ती अंगणात तुळशीपाशी उभी राहिली. हात कुठे ठेवायचे हे तिला कळेना. आधी कमरेवर, मग पदराशी, मग मागे. चारशे वेळा आम्हाला तिनं उभं केलं होतं, पण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी तिनं तो प्रश्न सोडून दिला आणि माझ्याकडे लक्ष वळवलं.

"ऊन पाठीशी घेऊ नकोस, तुझी सावली येईल. जरा तिरका हो. कोपरं अंगाशी घे, हलतोयस. दोन पावलं पुढे ये. आणखी एक. हां. आता काढ."

मी काढला. मागच्या पडद्यावर तिला दाखवला. तिनं चष्मा वर करून, फोटो लांब धरून पाहिला.

"बरा आलाय," ती म्हणाली. "जमेल तुला."